लष्करी दफ्तरे आणि संगणकाचे युग

पलसाण्याहून धुळ्याकडे निघालेली गाडी बारडोली आणि व्यारा मागे टाकून सोनगडला आली म्हणजे डोंगरावरचा जुना किल्ला दिसू लागतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांचे हे मुख्य ठाणे होते. आम्हा मुलांपैकी पुष्कळांची घराणी खानदेशातून ह्या बाजूस आली. वडील मंडळी यंत्रमागावर आणि कापड रंगविण्याच्या मिलमध्ये कामास आहेत. सुटीत गावी जाताना आम्ही हा किल्ला दर खेपेस पाहतो. पण त्या किल्ल्यावर किती शिबंदी होती, तिला पगार काय मिळे, दाणागोटा कोठून येई, हे प्रश्न आमच्या मनात कधी आले नव्हते. ते आले एका पत्र्याच्या पेटीमुळे.

आमच्यातील एकाच्या घरी ही पेटी आहे. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळी फौजेत होते. त्यांचा पलटणीतून सुटल्याचा दाखला, एक लहानसे नोकरीचे पुस्तक आणि दोन पत्रे इतकाच ऐवज पेटीत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात आले आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हा हे कुटुंब शहरात तळमजल्यावर राहत होते. पेटीत पाणी शिरले. दाखल्यावरची शाई पसरली आणि पुस्तकाची पाने एकमेकांस चिकटली. पणजोबा कोणत्या आघाडीवर होते हे घरात आता कोणास सांगता येत नाही. आजीला ‘इटली’ एवढाच शब्द आठवतो. मराठा पलटणी इटलीत लढल्या हे खरेच आहे. यशवंत घाडगे ह्यांस १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव ह्यांस १९४५ मध्ये तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. परंतु ज्याला पदक मिळाले नाही अशा शिपायाचे काय? त्याचा कागद भिजला म्हणजे त्याची मोहीमच पुसली गेली की काय? ह्या एका प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही लष्करी दफ्तरांच्या विषयात शिरलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दफ्तर हा शब्द ऐकताच आम्हाला पाठीवरचे ओझे आठवते, पण मूळ अर्थ कागदपत्रांचा संग्रह असा आहे. मराठी राज्याचे सर्वांत मोठे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. पेशव्यांचे राज्य १८१८ मध्ये गेल्यावर इंग्रजांनी हे कागद ताब्यात घेतले, आणि १८९१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र दगडी इमारत उभी राहिली. कागद चौकोनी कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्यास रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल तेथे आहेत, आणि सुट्या कागदांची संख्या कोटींच्या घरात सांगतात. फौजेसंबंधीचे कागद पागा, पथके, जमाव अशा निरनिराळ्या नावांखाली लावलेले आहेत. लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी येतात. ह्या कागदांत मात्र तलवारीपेक्षा घोड्यांची चंदी अधिक आढळते. कोणत्या सरदाराकडे किती स्वार हजर, किती घोडी मेली, कोणास किती नालबंदी दिली, जखमी झालेल्यास काय मिळाले, हा सारा हिशेब आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटगीस बालपरवेशी म्हणत, आणि तिच्याही नोंदी आहेत. बखरीत ज्यांना जागा मिळाली नाही ती माणसे ह्या हिशेबाच्या ओळींत आहेत. आमच्या मते लष्करी दफ्तराची खरी श्रीमंती येथेच आहे.

हे कागद बाहेर आणण्याची खटपट संगणकाच्या पुष्कळ आधी सुरू झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी गावोगाव हिंडून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून कागद मिळवून, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यात पानिपताच्या काळातील पत्रे होती. पुढे माला बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला, आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. आमच्यापैकी दोघांची आजोळे त्या शहरात असूनही आम्हाला हे ठाऊक नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. दुसरे नाव गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांचे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील चाकरीतून १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसे विश्रांती घेतात त्या वयात, त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ ह्या काळात छापविले. तरीही छापलेला भाग त्या समुद्रातील ओंजळभरच होता. उरलेले कागद वाचायचे तर पुण्यास जाऊन रुमाल सोडावा लागे, आणि प्रत्येक सोडण्या-बांधण्यात कागदाच्या कडा झिजत.

संगणकाच्या युगात दफ्तर नवे करणे म्हणजे काय, ह्याचे पहिले उत्तर येथे आहे: मूळ कागदास हात न लावता तो हजारांना वाचता यावा. हे काम वरवर सोपे वाटते. आम्हालाही वाटले होते की, फोनने फोटो काढला की झाले. वस्तुतः छायाचित्र ही मधली पायरी आहे.

आधी कागद तपासावा लागतो. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिवट असतो; त्यावर काजळ आणि डिंक ह्यांची शाई. ही शाई उन्हाने सहसा फिकी पडत नाही, परंतु पाण्याने विरघळते. ह्याच्या उलट, विसाव्या शतकातील लष्करी नोंदवह्यांचा यंत्रावर केलेला स्वस्त कागद आतील आम्लामुळे आपोआप पिवळा व ठिसूळ होतो. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र ठणठणीत आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा दाखला चुरा होण्याच्या बेतात, असा चमत्कार दिसतो. कसर आणि वाळवी ह्यांना मात्र दोन्ही सारखेच गोड. धूळ मऊ कुंचल्याने झाडून, घड्या हलक्या हाताने उलगडून, फाटल्या जागी पातळ कागद चिकटवून मगच पान यंत्राखाली जाते. झाकण दाबून नक्कल काढण्याचे नेहमीचे यंत्र येथे चालत नाही. कागद उताणा ठेवून वरून छायाचित्र घेतात, आणि बांधलेली वही असेल तर तिची पाठ मोडू नये म्हणून ती कोनात बसणाऱ्या पाळण्यात ठेवतात.

मग किती बारकाईने चित्र घ्यावयाचे हे ठरते. एका इंचात चारशे ठिपके धरले तर एका चौरस इंचात एक लाख साठ हजार ठिपके झाले. आठ इंच रुंद व बारा इंच उंच पानाचे एक कोटी त्रेपन्न लाख साठ हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानास सुमारे ४६ मेगाबाइट जागा हवी. एक कोटी पानांचा गुणाकार आमच्या वर्गाने फळ्यावर केला. उत्तर आले सुमारे ४६० टेराबाइट. एवढी मूळ चित्रे न दाबता एका जागी राखून ठेवतात आणि वाचकांसाठी त्यांच्यापासून लहान, हलक्या प्रती करतात.

येथवर काम पैशाचे आणि चिकाटीचे. खरी अडचण पुढे आहे. चित्र म्हणजे वाचन नव्हे. कोटी चित्रांतून आपल्याला हवे ते एक कसे सापडावे? रुमालांचे गाठोडे जाऊन चित्रांचे गाठोडे आले, एवढाच फरक पडून चालणार नाही. म्हणून प्रत्येक कागदाची नोंद करावी लागते: कोणी, कोणास, कोठून, केव्हा आणि कशाविषयी लिहिले.

ह्यांपैकी ‘केव्हा’ हेच पाहा. पेशवाईतील पत्रावर आपली तारीख नसते. तेथे ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे काहीसे लिहिलेले असते. हे अरबी अंक आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, बेरीज ११६१. हा सुहूर सन. तो मृग नक्षत्राबरोबर बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन निघतो. पानिपताची लढाई पौष शुद्ध अष्टमीस, १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ती ह्याच सुहूर सन ११६१ मध्ये. नोंद करणाऱ्याने एका वर्षाची चूक केली तर पराभवानंतरचे पत्र लढाईच्या आधीचे ठरेल, आणि संशोधक त्यावरून भलताच इमला उभारील. यंत्राला हे कोष्टक शिकविता येते, पण ते शिकविणारा आधी जाणता हवा.

दुसरा घाट मोडी लिपीचा. बोरू न उचलता भराभर लिहिता यावे म्हणून ही लिपी वापरीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे गुंफीत जायचे. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. ‘तोरणावर पडला’ अशी अक्षरे आली तर उजेड तोरणावर पडला की तो रणावर पडला, हे मागचे-पुढचे वाचूनच ठरवावे लागते. आमच्या एका मित्राने हे ऐकून म्हटले की, एका शिपायाचा जीव एका रिकाम्या जागेवर अवलंबून आहे. म्हटले तर विनोद, म्हटले तर खरेच. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि वाचणारे हात-डोळे थोडे उरले. जून २०१४ मध्ये युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंचाच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, म्हणजे संगणकावर मोडी अक्षर मोडी म्हणूनच साठविता येऊ लागले. हस्ताक्षर वाचणारी यंत्रेही जगात तयार झाली आहेत. ती एखाद्या नव्या कारकुनाप्रमाणे शिकतात. जाणत्याने आधी हजारो ओळी वाचून बाळबोधीत उतरवून द्यावयाच्या. चित्र आणि उतारा शेजारी ठेवून यंत्र अक्षरांची वळणे ओळखू लागते. पण एका चिटणिसाचे वळण शिकले म्हणून दुसऱ्याचे येईलच असे नाही. यंत्राने वाचलेले माणसाने तपासावे लागतेच. म्हणून मोडीचे वर्ग आणि संगणकाचे काम ही दोन वेगळी कामे नाहीत असे आम्हाला वाटते.

आणि अक्षर बरोबर लागले तरी अर्थ निसटू शकतो. पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्रातून कळली, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात लिहिले आहे. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि चांदी-तांब्याची नाणी ह्यांच्या नुकसानीच्या भाषेत विश्वासराव, भाऊसाहेब आणि असंख्य सैनिक गेल्याचे सुचविले होते. आता यंत्रात ‘पानिपत’ हा शब्द टाकून शोध घेतला तर असले पत्र सापडणार नाही. जाणत्या माणसाने नोंदीत एक ओळ लिहिली असेल तरच सापडेल. नावांचेही तसेच. इंग्रजी नोंदवह्यांत शिंदे कधी सिंदे होतो, कधी सिंधिया. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात, मराठा पलटणी अडकल्या होत्या. तेथील कारकुनाने जसे कानी आले तसे नाव लिहिले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी आज कोणासही संगणकावर पाहता येते. तीत सुमारे सतरा लाख नावे आहेत. परंतु आशिया-आफ्रिकेतील हजारो शिपायांची नोंद गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झाली नाही, असा निष्कर्ष आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात निघाला. जे नाव कागदावरच आले नाही ते कोणतेही यंत्र उजेडात आणू शकत नाही.

आमच्या सुरतेच्या इतिहासात ह्याचे निराळेच उदाहरण मिळते. ५ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराजांची फौज उधन्यास आली. तेच उधना, जेथे आम्ही रेल्वेगाडी बदलतो. पुढचे चार-पाच दिवस शहर लुटले गेले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. विरजी व्होरा ह्या कोट्यधीश व्यापाऱ्याचा वाडाही सुटला नाही. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन ह्याने वखार लढवून राखली, आणि तेथील इंग्रजांनी ह्या दिवसांचे सविस्तर वृत्त लिहून धाडले. हे कागद लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. विल्यम फॉस्टरने त्यांतील निवडक भाग विसाव्या शतकाच्या आरंभी छापला. सुरतेच्या वखारीच्या रोजनिशा मुंबईच्या अभिलेखागारातही आहेत. फ्रेंच प्रवासी बर्निये ह्याने लिहून ठेवले की, फादर अँब्रोझ ह्या कापुचिन पाद्र्याच्या मठास हात लावला गेला नाही. आम्ही मराठी मुले हा प्रसंग स्वराज्याच्या खजिन्याच्या अंगाने शिकतो. आमच्या वर्गाशेजारी राहणाऱ्या गुजराती मित्रांच्या घरी तो वेगळ्या स्वरात सांगितला जातो. दोन्ही ऐकून घ्यायची तर इंग्रजी पत्र, मराठी बखर, मोगली अखबार आणि प्रवाशाचे टिपण एका पडद्यावर शेजारी शेजारी उघडता आली पाहिजेत. पूर्वी ह्यासाठी लंडन, पुणे, मुंबई असा प्रवास करावा लागे. पलसाण्यातील विद्यार्थ्यास तो प्रवास कोठून परवडणार?

साठवणीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे मोठा गैरसमज आहे. संगणकात घातले म्हणजे अमर झाले असे पुष्कळांस वाटते. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात ब्रिटिश युद्धखात्याच्या कोठाराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या नोंदींपैकी सुमारे साठ टक्के जळाल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस येथे आग लागून एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या फाइली नष्ट झाल्या. त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती. बंबाच्या पाण्याने भिजलेले कागद मागाहून निर्वात कोठडीत वाळविले. आगीने कागद जातो हे डोळ्यांना दिसते. संगणकातील नोंद मात्र गुपचूप मरते: तबकडी बिघडते, लिहिण्याची पद्धत जुनी होते आणि ती उघडणारे यंत्रच बाजारात मिळेनासे होते. आमच्या शाळेच्या कपाटात जुन्या फ्लॉपी आहेत. त्यांत काय आहे हे पाहण्यास आज शाळेत एकही यंत्र नाही. म्हणून किमान तीन प्रती, त्याही दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, असा रिवाज आहे. प्रत्येक फाइलीतील सर्व अंकांवर गणित करून एक लहान खूण काढून ठेवतात, तिला चेकसम म्हणतात. काही महिन्यांनी तेच गणित पुन्हा करतात. उत्तर जुळले नाही तर कोठेतरी एखादा अंक बिघडला हे कळते, आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्ती करता येते. वाण्याने रोज रात्री गल्ल्याचा ताळा घ्यावा तसाच हा प्रकार. मूळ कागद मात्र चित्र निघाले म्हणून टाकून द्यावयाचा नसतो.

अलीकडच्या युद्धांचे कागद लगेच खुले होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मात्र ते कायमचे बंद राहू नयेत म्हणून जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण ठरविले. त्यानुसार युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा आणि कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ सुरू केले आहे. घरबसल्या शोध घेण्याची सोय तेथे आहे. आम्ही त्यात ‘सुरत’ हा शब्द टाकून एक संपूर्ण दुपार घालविली आणि गृहपाठ राहिल्याबद्दल बोलणी खाल्ली.

आता पेटीकडे वळू. दाखल्यावरचे नाव पुसट झाले असले तरी क्रमांकाचे पहिले चार आकडे उन्हात तिरके धरल्यावर वाचता आले. पलटणीच्या अभिलेख कार्यालयास मित्राच्या वडिलांनी विनंतीचा अर्ज लिहिला असून तो टपालात पडला आहे. तोवर आम्ही आमच्यापुरते काम केले. खिडकीजवळ, थेट ऊन न पडेल अशा टेबलावर पांढरी चादर पसरली. प्रत्येक कागदाशेजारी मोजपट्टी ठेवली. दोन्ही बाजूंची, कोऱ्या पानांचीसुद्धा, छायाचित्रे घेतली. प्रत्येक चित्राचे नाव ठरवून एका वहीत नोंद केली, आणि प्रती तीन घरी ठेवल्या. पत्रे बाळबोध मराठीत निघाली. एकात पावसाची आणि बैलाच्या किमतीची चौकशी आहे, लढाईविषयी अक्षर नाही.

पुस्तकाची बारा पाने सुटी झाली. मधली चार अजून चिकटलेली आहेत. ओढून उघडू नयेत, जाणकाराकडून ओलावा देऊन सोडवावीत, असे आम्ही वाचले होते, म्हणून तशीच ठेवली आहेत. प्रकाशापुढे धरले असता तिसऱ्या पानावर एक गोल शिक्का आणि त्याखाली तीन ओळी दिसतात. एका ओळीचा आरंभ ‘इ’ अक्षरासारखा वाटतो, पण आमच्यात त्याबद्दल एकमत नाही.